खालची खोली

धाकटा भाऊ पोर्ट ब्लेअरला बांधकामावर कामाला होता. तिथं तो उंचावरून पडला. आता आशा ठेवू नका, असं तिथल्या डॉक्टरांनी मला दुपारीच फोनवर सांगितलं होतं. ते मी अण्णांना बोलले नव्हते. आम्हा बापलेकीला रेल्वेनं चेन्नई गाठून पुढं विमान धरायचं होतं, आणि जाता-येता एकेक रात्र तिथं काढणं भाग होतं.

तुळजापुरातलं आमचं घर पुजाऱ्याचं. यात्रेकरू कायम आमच्याकडंच उतरत आलेले. दारात आलेल्या माणसाचे अण्णा आधी पाय बघायचे आणि मग खोली द्यायचे. धडधाकट असला तर माडीवर, पाय ओढत आला असला तर खाली. तेच अण्णा आता मोबाइलवरचा प्रत्येक हॉटेलाचा फोटो निरखून बघत होते आणि नको म्हणत होते. स्टेशनजवळचं नको, बंदराजवळचंही नको. माझं डोकं फिरलं.

"अण्णा, एका रात्रीपुरतं कुठंही पडू की. तुम्हाला पाहिजे तरी काय?"

"खालची खोली हाय का, तेवढं इचार," ते म्हणाले. "जाताना आपल्याला कुठली बी चालंल. येताना त्येला जिना चढवायचा न्हाय."

मी फोन लावला. परतीच्या मुक्कामाला किती माणसं, असं पलीकडच्यानं विचारलं. अण्णा माझ्याकडं बघत होते. मी तीन म्हणाले. खालची खोली शिल्लक नाही असं तो म्हणाला, तेव्हा मी त्याच्याशी भांडले.