रस्त्याकडच्या पानांची राख

“इंग्लिश शाळेत शिकान शेवटी पातेरोच गोळा करता,” काकी शेजारणीला सांगत होती. मी कुंपणापलीकडे, रस्त्याकडच्या आंब्याखाली उभी आहे हे तिला दिसत होतं. आवाज तिने कमी केला नाही.

पातेरो म्हणजे वाळका पाचोळा. मी झाडावरची पानं तोडून कागदी पाकिटांत भरत होते. साखळी गावाजवळ खनिजाचे ट्रक जातात त्या रस्त्यावरच्या झाडांनी हवेतले जड धातू किती धरले, हे एमएस्सीच्या प्रकल्पासाठी बघायचं होतं. मुक्काम काकांकडे. काकांचा ट्रक त्याच रस्त्यावर चालतो, त्यामुळे घरात माझी पाकिटं कुणालाच नको होती.

“ज्या धुळीक नावां ठेवतंस, तिच्यावरच ह्या घराची चूल पेटता,” काका जेवताना म्हणायचे. मी खाली बघून भात कालवायचे. मराठीत मला पटकन भांडता येत नाही आणि इंग्रजीत बोललं की सगळे हसतात.

तपासणीत रस्त्याकडच्या पानांत शिसं निघालं, परसातल्या झाडापेक्षा बरंच जास्त. झाडं आपलं काम करताहेत, आणखी एक रांग लावायची शिफारस लिही, असं प्रकल्पाचे सर म्हणाले. मी ती खुशीत लिहिली.

मग एका सकाळी काकीला त्याच आंब्याखाली झाडताना पाहिलं. टोपलीभर पातेरो तिने न्हाणीच्या चुलीत, पाणी तापवायच्या भाणाखाली घातला. त्या पाण्याने मी रोज आंघोळ करत होते. राख निवल्यावर ती परसात नेऊन तिने तांबड्या भाजीवर, म्हणजे लाल माठावर, भुरभुरली, कीड लागू नये म्हणून. सगळ्याच घरांत असं करतात. पण जाळल्याने शिसं जात नाही, ते राखेत उरतं. झाडाने रस्त्यावर अडवलेलं आम्ही टोपलीतून घरात आणत होतो.

मी थोडी राख पाकिटात घेतली. काकी बघत होती.

“आता राखय चोरता.”

राखेत पानांहून जास्त शिसं निघालं. भाजीची तपासणी अजून व्हायची होती.

निकाल कळला त्या रात्री जेवायला तीच भाजी होती. काकांच्या सुनेला, माझ्या वहिनीला, सातवा महिना. ती माझ्याकडे पाठ करूनच बसायची. काकीने तिला दोनदा वाढलं. “खा गो, रक्त वाढता,” म्हणत तिसऱ्यांदा डाव उचलला.

“वहिनी, ती भाजी खाऊ नको,” मी म्हटलं.

काकांचा हात ताटातच थांबला. “पोटुशीच्या ताटाक दृष्ट लावतंस?” काकीने विचारलं.

पण या वेळी मी खाली बघितलं नाही.

“त्या पातेऱ्याच्या राखेत शिसं आहे, काकी. बाळाला बाधतं. भाजीत किती उतरलंय ते मला अजून ठाऊक नाही. ते कळेपर्यंत तिला वाढू नको. मग हवं तर मला उद्या घरी पाठव.”