बोया मास्तरांचा शांत वर्ग

बोया मास्तरांनी कधी कुणावर हात उगारला नाही. त्या काळात आमच्या वसईच्या शाळांतून वेताच्या छडीला तोटा नव्हता, पण मास्तरांच्या टेबलावर खडू आणि पंचा एवढंच असे. तरीही त्यांचा वर्ग असा गप्प, की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आज सुट्टी आहे.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. जूनमध्ये मास्तर आम्हांला मोकळं सोडत. पापडीच्या आम्हां केळीच्या वाडीवाल्या पोरांना ते ‘केळफूल’ म्हणत, पाचूबंदरच्या कोळ्यांच्या पोरांना ‘तांडेल’. पायात काटा गेला तर पंचा पसरून स्वतः काढत बसत. हेडमास्तर गोंगाटाची तक्रार घेऊन आले की मास्तर त्यांना म्हणत, “पावसात बेडकांनी नाही ओरडायचं तर कुणी?” आम्ही खूश. पण हेडमास्तर गेले की आमच्याकडे बघून मास्तर हळूच म्हणत, “जाळं आधी सैलच सोडायचं असतं.” त्याचा अर्थ आम्हांला तेव्हा कळला नाही.

गणपती झाले आणि मास्तरांनी पाचूबंदरहून एक लाकडी बोया आणला, जाळं पाण्यावर तरंगतं ठेवायला बांधतात तो. खाऱ्या पाण्यानं पांढरा पडलेला, मधे भोक असलेला. नियम सोपा होता. मास्तर फळ्याकडे वळले असताना जो बोलेल, त्याच्या हाती बोया द्यायचा. त्यानं पुढच्या बोलणाऱ्याला पकडून तो त्याला द्यायचा. शेवटच्या घंटेला ज्याच्याकडे बोया, त्यानं वर्ग झाडायचा. “मी वळून बघणार नाही,” मास्तर म्हणाले. “तुम्हीच बघा.” आम्हांला तो खेळच वाटला.

दिवाळीनंतर झाडण्याच्या जागी उंबऱ्यावर उभं राहणं आलं. नाताळानंतर मास्तर म्हणाले, “आता बोया राहील त्यानं दुसऱ्या दिवशी वडलांना आणायचं.” आवाज तसाच मऊ. आम्ही मात्र बदललो होतो. बोया हाती आला की मुलगा शेजाऱ्याला चिमटा काढी, तो कळवळला की बोया त्याच्या मांडीवर. मधल्या सुट्टीतही कुणी कुणाशी मोकळं बोलेना. मास्तर पाठ करून फळ्यावर सुंदर अक्षर काढत राहत.

माझ्या शेजारी बस्त्याव बसे. पाचूबंदरचा, गणितात माझ्या पुढे. त्याचा बाप त्याला होडीवर न्यायला टपलेला होता. मास्तरांनीच घरी जाऊन विनवून त्याला शाळेत ठेवला होता. बाप म्हणाला होता, “ठेवतो, पन तक्रार आली तर त्या दिवशी नेनार.” हे साऱ्या वर्गाला ठाऊक होतं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी बोया माझ्याकडे होता आणि घंटा व्हायला आली होती. वर्गात कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेत नव्हतं. माझे बाबा शाळेच्या दारात मान खाली घालून उभे आहेत, असं मला दिसू लागलं. मी बोया बस्त्यावच्या मांडीवर ठेवला आणि म्हणालो, “मास्तर, हा बोलला.”

बस्त्यावचा गळा बसला होता. दोन-तीन दिवस त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. सकाळी हजेरीही त्यानं हात वर करून दिली होती, आणि ती मास्तरांनीच घेतली होती. त्यानं तोंड उघडलं, नुसती हवा आली. मागे कुणीतरी हसलं.

मास्तर वळले. “कुणी ऐकलं?”

एक हात वर गेला, मग दुसरा, मग सगळे. मास्तर माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “बस्त्याव, उद्या वडलांना घेऊन ये.”

बाप आला तो दारातच थांबला. “मास्तर, पोराचा गळा बसलाय. घरात पानी पन हातानं मागतो. तो बोलला कसा?”

मास्तरांनी आमच्याकडे पाहिलं. कुणीतरी बोलावं म्हणून ते थांबले होते, हे मला तेव्हाही कळत होतं. वर्ग शिकवल्याप्रमाणे शांत राहिला.

“होडीवर आमी चारच असतो,” बाप म्हणाला, “पन दोरी सुटली तर एक तरी वरडतो. इथं एवढी पोरं. चल रे.”

बस्त्याव दप्तर घेऊन गेला तो गेलाच. मास्तर दोनदा पाचूबंदरला जाऊन आले, एकटेच परतले. पुढे इन्स्पेक्टर आले, त्यांनी आमच्या शिस्तीची वाखाणणी केली. मास्तर मान खाली घालून ऐकत होते.

एप्रिलमध्ये मास्तरांनी शाळा सोडली. त्यांची ट्रंक टांग्यापर्यंत मीच नेली. “मास्तर, त्या दिवशी…” मी सुरुवात केली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“नको सांगूस. तू सांगितलंस तर चूक तुझी होईल, आणि मी सुटेन. मी सकाळी हजेरी घेतली होती रे.”

मी त्यांचं ऐकलं. त्या ऐकण्यात माझीही सोय होती, हे कबूल करायला मला पन्नाशी गाठावी लागली. मास्तर वारल्याचं परवा पापडीच्या बाजारात कळलं. आता त्यांच्या शब्दाआड लपता येत नाही. बस्त्याव अजून पाचूबंदरलाच आहे, असं ऐकतो. माझ्या वाडीतून तिथवरची वाट फार लांबची नाही. इतक्या वर्षांत मी त्या वाटेनं एकदाही गेलो नाही.