अर्ध्या झाकणाची गादी

आमच्या दुकानात फोमची कात्रणं आणि किस्से, दोन्ही सकाळी झाडून काढले तरी संध्याकाळी परत तेवढेच साचलेले असतात. उस्मानपुऱ्यात माझं सीट-कव्हरचं दुकान आहे. कारची सीट, स्कूटरची गादी, रिक्षाचं हूड, जे येईल ते करतो. माणूस एरवी तोंडाला कुलूप लावून फिरंल, पण बसायच्या जागेचा विषय निघाला की घरातलं सगळं बाहेर येतं. मी काही विचारत नाय. मी आपला टेप लावून माप घेतो, तरी सांगतात.

पाटीवर नाव माझं असलं तरी दुकान चालतं शकीलाआपांच्या मर्जीनं. शिवण सगळी त्यांची. माझ्या वडलांच्या वेळेपासून त्या मशीनवर आहेत, त्यामुळं मला गिऱ्हाईकासमोर सुद्धा "ए विलास" म्हणतात. मी बोलून बघितलं एकदा. म्हणाल्या, "बरं, ए विलासशेठ." तेव्हापासून विषय बंद.

*

आपांचा एक कायदा आहे. गादी शिवून झाली की गिऱ्हाइकानं त्यावर बसायचं, समोरच्या टपरीवरून चहा येणार, आणि चहा संपेपर्यंत उठायचं नाय. मगच गादी ताब्यात मिळणार.

हा कायदा एका टेम्पोवाल्यामुळं आला. त्यानं हातानं दाबून बघितलं, "मस्त" म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी तणतणत परत. "आपा, लई मऊ केली हो. जालन्याच्या रोडला डोळा लागायला लागला."

आपांनी ती उसवली, कडक फोम घातला आणि मला म्हणाल्या, "हातानं दाबून काय कळतं रे? हातावर बसतो का माणूस?"

*

एक जण अजिंठ्याहून बुलेट घेऊन आला. लेण्यांच्या रोडला त्याची रसवंती आहे. सीट दोन भागांत करायची होती. म्हणाला, "मागचं एकदम मऊ करा, मंडळी बसतात. पुढचं कडक ठेवा, मला सवय आहे."

आपा म्हणाल्या, "मागं कोण बसणार, त्यांनाच आणा मग. तुम्ही बसून मला काय कळणार?"

पुढच्या खेपेला बायकोला घेऊन आला. वहिनी मागच्या सीटवर बसल्या, पदर सावरून सगळा चहा प्यायल्या. नवरा तिकडं माझ्याशी बुलेटच्या ॲव्हरेजवर बोलत होता. वहिनींनी ग्लास खाली ठेवला आणि आपांना हळूच म्हणाल्या, "पुढचं पण मऊ करा. यांची कंबर दुखते रात्रभर. सांगत नाहीत."

आपांनी तसंच केलं. तो आजपर्यंत सगळ्यांना सांगत फिरतो की कडक सीट पाहिजे तर उस्मानपुऱ्यात जा.

*

जोशीकाका कोर्टातून रिटायर झालेले. काकू गेल्या, पोरगा पुण्यात. त्यांनी झोपाळ्याच्या खुर्चीची गादी करून घेतली, चहा पिऊन खूश होऊन गेले. पंधरा-वीस दिवसांनी गादी काखेत मारून हजर. म्हणले, "आपा, एका बाजूला जरा दबल्यासारखी वाटतेय."

मी बघितली. कुठं दबलेली नाय. मी तोंड उघडणार तेवढ्यात आपांनी माझ्याकडं असं बघितलं की मी टपरीकडं चालू लागलो. त्यांनी कोपऱ्यातली शिवण उसवली, फोम जरा हलवल्यासारखं केलं, परत शिवली. कायद्याप्रमाणं चहा आला. काका बसले, कोर्टातल्या गमती सांगितल्या, गेले.

आता दर महिन्याला ती गादी दबते. आपा दर महिन्याला उसवतात. त्या कोपऱ्यात सुईची इतकी भोकं पडलीत की मला बघवत नाय, पण बोलायची माझी टाप नाय.

*

आणि मग ते थोरले आले.

पैठणकडचे. धोतर-टोपी, गळ्यात टॉवेल, आवाज एकदम पाटलाचा. बरोबर एक जुनी जीप. तिचं मागचं दार खाली उघडतं आणि त्या दारात सामान ठेवायचा खण आहे. खणावर ॲल्युमिनियमचं झाकण. दार पाडलं की दोन साखळ्यांवर लोंबतं आणि झाकणावर दोन माणसं आरामात बसतात. उन्हाळ्यात मात्र तव्यासारखं तापतं. त्याच्यावर गादी चिकटवून पाहिजे होती. इथपर्यंत काही नवल नाय. मी टेप लावला.

"सगळ्याचं माप कशाला घेता?" थोरले म्हणाले. "उजवीकडची अर्धी माझी. तेवढंच करा. डावीकडं हात लावू नका."

मला वाटलं गंमत करतायत. गंमत नव्हती. भावाभावांत वाटणी झालेली. शेत वाटलं, विहिरीच्या पाळ्या लागल्या, भांडी सुद्धा वाटली. जीप तेवढी कापता येईना, म्हणून एक आठवडा ह्यांच्याकडं, एक आठवडा तिकडं. "तिकडं" म्हणजे धाकट्याकडं. नाव घेत नव्हते. वाटणी झाल्यापासून एकमेकांशी बोलणं बंद.

"पूर्वी दोघं याच्यावरच बसून डबा खायचो शेतात," म्हणाले. "खणात डबा, वर आम्ही." मग म्हणाले, "त्याच्या पोरीचं लगीन ठरलंय म्हणं. मला बाहेरून कळालं. माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली पोरगी, आणि मला बाहेरून कळतंय."

आपांनी अर्धी गादी शिवली. झाकण घासलं, चिकटवायचं सोल्युशन लावलं, वर तपकिरी रेक्झिन ताणलं. थोरले उजवीकडं बसले, चहा आला. पिताना त्यांनी गळ्यातला टॉवेल काढून डाव्या बाजूच्या उघड्या पत्र्यावर ठेवला. लगेच काहीतरी चुकल्यासारखा उचलून मांडीवर घेतला. मी बघितलं. आपांनीही बघितलं.

*

पुढच्या आठवड्यात तीच जीप, पण स्टिअरिंगवर दुसरा माणूस. पँट-शर्ट, तब्येतीनं बारीक, नाक मात्र तेच.

"त्यांच्या बाजूला गादी आणि माझ्या बाजूला पत्रा?" धाकटा म्हणाला. "माझी पण करा. रंग कुठला पण चालंल, फक्त तो नको."

आपा म्हणाल्या, "तोच शिल्लक आहे." त्यांच्या पाठीमागं रेक्झिनचे लाल, निळे, काळे, हिरवे रोल उभे होते. धाकट्यानं ते बघितले आणि स्टूल ओढून बसला.

आपा कापत होत्या, तो बोलत होता. पोरीनं घरात हट्ट धरलाय की मोठे बाबा आल्याशिवाय हळद लावून घेणार नाय. "जायला पाय उचलत नाही हो. वाटणीच्या दिवशी मी लई बोललो. आता दारात गेलो आणि त्यांनी आत नाही घेतलं तर? पोरीला येऊन काय सांगू?"

मला वाईट वाटलं. मी उगाच टेप गुंडाळत बसलो. आपांनी सुई तोंडात धरलेली. काम होत आलं तशा म्हणाल्या, "आज नाही मिळणार. सोल्युशन सुकायचंय. उद्या दुपारी या."

आमचं सोल्युशन चहा पिऊन होईपर्यंत सुकतं. मी टपरीकडं बघत उभा राहिलो.

तो गेला तशा त्या मला म्हणाल्या, "थोरल्याला फोन लाव. सांग, तुमच्या बाजूची शिवण उसवली, उद्या दुपारी येऊन बघून जा."

"आपा, शिवण कुठं उसवलीय?"

त्यांनी कात्री उचलली आणि उजव्या बाजूची शिवण चांगली वीतभर उसवली. म्हणाल्या, "लाव आता. खोटं नको बोलू."

*

थोरले पैठणच्या एसटीनं आले, धाकटा आधीच आलेला. दोघांनी एकमेकांना बघितलं. धाकटा शेजारच्या पंक्चरवाल्याच्या हवेच्या पंपावरचा आकडा वाचायला लागला, थोरले आमच्या पाटीवरचं नाव. मी आत जाऊन उगाच रोल इकडचे तिकडं केले.

आपांनी शिवण घातली आणि हात झटकले. "बसा दोघं."

"मी मागच्या खेपेला बसलोय की," थोरले म्हणाले.

"एकट्यानं बसून फोम कळतो, साखळ्या कळत नाहीत. दोन्हीवर सारखं वजन पडाया पाहिजे. एकतर्फी वजनानं साखळी तुटली तर माझ्याकडं नका येऊ."

इतक्या वर्षांत साखळ्या तपासलेल्या मी कधी बघितल्या नायत. पण आपांचा आवाज असा होता की मीच बसायला निघालो होतो.

दोघं बसले. थोरले उजवीकडं, धाकटा डावीकडं, रस्त्याकडं तोंड करून, मधल्या शिवणीला कुणाचाच धक्का नाय. चहा आला, काचेच्या ग्लासांत. पितायत. मी दारात आणि माझा जीव टांगणीला. म्हणलं चहा संपला की हे उठणार, एक एसटीला आणि एक जीपनं, आणि ती पोरगी तिकडं वाट बघत बसणार.

बराच वेळ गेला. थोरले रस्त्याकडंच बघत म्हणाले, "मांडव कुठं घालणार?"

धाकट्यानं ग्लास बाजूला ठेवला. मग म्हणाला, "तुम्ही म्हणाल तिथं."

थोरल्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. घाम पुसावा तसंच पुसलं, पण लई वेळ पुसलं.

दुसरं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मी ग्लास उचलायला पुढं गेलो. थोरल्यांचा ग्लास रिकामा होता, तळाला चहाचा डाग सुद्धा वाळलेला. धाकटा त्या ग्लासाकडंच बघत होता.

आतून आपांनी विचारलं, "झाला का चहा?"

"नाही," धाकटा म्हणाला. "दादाचा राहिलाय अजून."

आणि थोरल्यांनी तो रिकामा ग्लास उचलून तोंडाला लावला.