पाच फुटांचा पलंग

नाटकाचं नेपथ्य करण्यात माझी वीस वर्षं गेली. पदरी काय, तर थोडी बक्षिसं आणि अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या आमच्या एकुलत्या एक खोलीत रचून ठेवलेल्या सेटच्या कापडी भिंती. गेल्या वर्षी बदलापुरात, शिरगावच्या एका बिल्डरने बोलावलं. गिऱ्हाइकांना दाखवायला सॅम्पल फ्लॅट सजवून द्या, म्हणाला. वाटलं, चला, एकदाचे दिवस पालटले.

काम तेच. लहान जागा मोठी दाखवायची. दारं काढली, एका भिंतीला आरसा लावला, पलंग उल्हासनगरहून करून आणला, लांबीला जेमतेम पाच फुटांचा. दुकानदाराने विचारलंही, बच्चों के कमरे का है क्या? मी हो म्हणून मोकळा झालो. रंगमंचावर कोण पाय ताणून झोपतं? पण हे नाटक नव्हे, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. आलं असेल तरी मी ते हाकलून दिलं, खरं सांगायचं तर.

घोळ झाला तो बायकोने फ्लॅट बघितल्यावर. माझ्या प्रत्येक नाटकाला पहिल्या रांगेत बसून, सेटवर आमच्याच घरचे पडदे ओळखून हसणारी ही बाई. इथे मात्र ओट्यावरून हात फिरवत म्हणाली, खोली विकू आणि असाच घेऊ.

माझ्या थापेला माझीच बायको भुलली, यावर हसावं की डोकं आपटून घ्यावं? बिल्डरचं मीठ खाल्लेलं, आणि ही तर घरची. दोन दिवस नुसती टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी ती बुकिंगचा फॉर्म भरायलाच निघाली, तेव्हा तिला त्या बेडरूममध्ये नेऊन सांगून टाकलं.

"हा पलंग पाच फुटांचाय. मुद्दाम केलाय. खरा पलंग आणलास तर इथे चालायलाही जागा उरणार नाही."

ती त्या पलंगावर आडवी झाली, गुडघे पोटाशी घेऊन. रोज झोपते तशीच.

"मला पुरतोय की," ती म्हणाली. "तुमच्या भिंतींना जागा सोडून वीस वर्षं अशीच झोपतेय. पाय लांब करायची सवय कुठे राहिलीय?"

मला भयंकर लाज वाटली, आणि नक्की कशाची तेही कळेना. तिने उठून चादर सारखी केली, खोलीभर नजर टाकली आणि ती म्हणाली, तुमच्या भिंती कुठे ठेवायच्या ते आत्ताच मापून घ्या, मागाहून कटकट नको.

मी सवयीने खिशातला टेप काढला आणि तसाच उभा राहिलो.