ज्या थंडीत मी कासवांना झोपवलं

आमच्या केशवापूरच्या घरी दोन कासवं होती. पाण्यातली नव्हेत, जमिनीवरची. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेली. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची बदली झाली तेव्हा दोन महिने सांभाळा म्हणून त्यांनी ती अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हवाली केली. नंतर त्यांचा फोनच लागेना. अप्पा तेव्हा नुकतेच शाळेतून निवृत्त झाले होते आणि आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. घरात आम्ही दोघंच. मी गोकुळ रोडवरच्या एका पंपांच्या कारखान्यात ऑफिसचं काम बघते. साडेआठला घर सोडलं की परतायला सात वाजतात. दिवसभर अप्पांना सोबत होती ती या दोघांचीच.

एक थोरलं, एक धाकटं, एवढीच त्यांची नावं. अप्पा त्यांना जास्वंदीची पानं, काकडी घालत आणि त्यांच्याशी कानडीत बोलत. घरातल्यांशी मराठी, बाहेरच्यांशी कानडी, आणि ही बाहेरून आलेली, असं त्यांचं म्हणणं. अशी कासवं घरी पाळायला कायद्यानं बंदी आहे हे मला ठाऊक नव्हतं. अप्पांना ठाऊक असून ते गप्प राहिले का, हे मी कधी विचारलं नाही.

दिवाळी झाली की अप्पांचा एक क्रम सुरू व्हायचा. ऊन अंगणात आलं की कासवं बाहेर, पाचच्या आत परत स्वयंपाकघरातल्या लाकडी पेटीत, वर पिवळा बल्ब. दोन दिवसांतून एकदा परातीत कोमट पाणी. सात वर्षं हे चाललं आणि सात वर्षं मी ते नुसतं बघत होते.

आठव्या वर्षी डिसेंबरात अण्णानं, माझ्या थोरल्या भावानं, अप्पांना पुण्याला नेलं. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, दीड महिना तरी लागणार होता. निघताना अप्पांनी मला सगळं दोनदा सांगितलं. मी मान डोलावली.

पहिला आठवडा निभावला. कामाला येणारी बाई अळणावरकडच्या खेड्यातून आलेली, माझ्याच वयाची. ती कामं आटपून जाताना दहाला कासवं बाहेर सोडायची. पण पाचला आत घ्यायला कुणी नव्हतं. मी सातला येऊन बघावं तर दोघं तुळशीच्या कट्ट्याला लागून, पाठी गारठलेल्या. मग थोरल्यानं खाणं सोडलं. धाकटंही पानाचा एखादा तुकडा तोडून थांबायचं.

दुपारच्या सुट्टीत मी मोबाइलवर शोधलं. परदेशातला एक माणूस आपलं कासव खोक्यात गवत घालून ठेवताना दाखवत होता. थंडीत कासवं खात नाहीत, शीतनिद्रा घेतात, त्यांना अंधारात गार जागी ठेवून द्यावं, उठवू नये. शाळेत शीतनिद्रा हा शब्द आम्हीही शिकलो होतो. सगळं जुळत होतं, आणि मुख्य म्हणजे रोजची ने-आण सुटत होती.

तरी त्या रविवारी मी अप्पांना फोन केला. थंडीत कासवं झोपतात म्हणे, खोक्यात ठेवून द्यावीत का, असं विचारलं.

"ती बर्फाच्या देशातली," अप्पा म्हणाले. "आपली झोपत नाहीत. ऊन दाखव, बल्ब लाव."

ती खात नाहीत हे मी त्यांना सांगितलं नाही. डोळ्यांवर पट्टी असलेल्या माणसाला कशाला काळजी, असं मनाशी म्हटलं. खरं कारण वेगळं होतं. सांगितलं असतं तर त्यांनी डॉक्टरकडे ने म्हटलं असतं, आणि मला रजा काढावी लागली असती.

मी दोन दिवस घोळत राहिले. तिसऱ्या दिवशी पंख्याचा रिकामा खोका घेतला, त्यात सुकं गवत आणि वर्तमानपत्राच्या पट्ट्या घातल्या, दोघांना आत ठेवलं आणि खोका जिन्याखाली सरकवला. तिथे उन्हाळ्यातही फरशी गार असते. स्वयंपाकघरातला बल्ब काढून ठेवला.

चार-पाच दिवसांनी मी निघायच्या घाईत असताना बाई झाडू घेऊन जिन्याखाली वाकली होती. "अदक्क नेगडी आग्यैत्री, अक्का," ती म्हणाली. त्याला सर्दी झालीय. थोरल्याच्या नाकाशी बुडबुडा येतोय, श्वास घेताना आवाज येतोय, असंही तिनं सांगितलं.

"झोपलंय ते. हात लावू नको," मी म्हटलं आणि बस गाठायला निघाले.

त्यानंतर तिनं खोका उघडला नाही. मीही नाही. अप्पा फोनवर विचारायचे तेव्हा, दोघं बरी आहेत, एवढंच मी सांगायची.

संक्रांतीनंतरच्या रविवारी, अप्पा यायच्या दोन दिवस आधी, त्यांना उठवावं म्हणून मी खोका बाहेर ओढला. थोरल्याची मान बाहेर होती. बोट लावलं तरी ती आत गेली नाही. धाकट्याचे डोळे चिकटलेले, तोंड उघडं, आणि दर श्वासाला बारीक शिट्टीसारखा आवाज.

धाकट्याला टॉवेलात गुंडाळून मी रिक्षानं देशपांडे नगरच्या एका प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासलं, इंजेक्शन दिलं. ही इथलीच कासवं, थंडीत मंदावतात पण अशी झोपत नाहीत, गारठ्यानं छाती भरते, असं ते म्हणाले. मग विचारलं, "झोपवायला कुणी सांगितलं?"

मोबाइलवर बघितलं, मी म्हटलं. झोपवू नको असं कुणी सांगितलं होतं, ते मात्र मी सांगितलं नाही.

थोरल्याला मी जास्वंदीजवळ पुरलं. अप्पा आले, हातपाय धुतले, आणि मी चहा ठेवेपर्यंत स्वयंपाकघरातल्या पेटीपाशी जाऊन उभे राहिले. आत एकटं धाकटं होतं. मी सगळं सांगितलं. बाई बोलली होती तेवढं सोडून. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"तुला जमत नव्हतं तर तसं सांगायचं होतंस," ते म्हणाले. "मी आलो असतो."

धाकटं वाचलं. फेब्रुवारीत पुन्हा पानं खाऊ लागलं. त्याला वनखात्याकडे द्यायला हवं असं डॉक्टर म्हणाले होते. ते ऐकायचं अप्पांनी ठरवलं. आपलं वय झालं, पुढे कोण बघणार, एवढंच ते म्हणाले. त्या बघणाऱ्यांत त्यांनी मला धरलं नव्हतं, ते मला कळलं. धारवाडच्या ऑफिसात त्यांनी तिथल्या माणसाला कोमट पाण्याचं, उन्हाचं, जास्वंदीचं सगळं दोनदा सांगितलं, आणि तो कागद भरत मान डोलावत राहिला.

पुढे एकदा बाई भांडी घासत असताना मी तिला म्हटलं की तू बोलली होतीस, मी ऐकलं नाही. तिनं हात न थांबवता उत्तर दिलं, "तुम्ही शिकलेल्या. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

आता अप्पांना स्पष्ट दिसतं. सकाळी ते अंगणात न बसता बाहेरच्या खोलीत पेपर वाचतात. थोरल्याला सर्दी झालीय असं बाई वेळेवर बोलली होती, ते त्यांना सांगावं असं मला पुष्कळदा वाटतं. अजून सांगितलेलं नाही.