चष्म्यात मावणारी चौकट

दातांच्या कवळ्या करणाऱ्या माणसाला घाई करून चालत नाही. आमचे कवळीवाले एका दाढेवर दोन दोन दिवस घासत बसत आणि तोवर गिऱ्हाईक पातळ खाऊन दिवस काढी. साठी उलटली तरी फोटो काढायचा तो रोलवरच, हा त्यांचा हेका कायम होता. जवळूनही सगळं मावेल अशी वाइड लेन्स त्यांच्याकडे होती. कॅमेऱ्याने मात्र मान टाकली होती.

आणि कॅमेरा रविवारच्या आत हवा होता. थोरल्या बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं होतं. तिला बघायला सगळी भावंडं अकरा वर्षांनी एकत्र येणार होती. त्यातल्या दोघा धाकट्या भावांमधून विस्तव जात नव्हता. असा योग पुन्हा येईल याचा काही भरवसा नव्हता, म्हणून कवळीवाल्यांना पाचही जणांचा एक फोटो हवा होता. ताईची खोली दहा बाय नऊ, त्यात पलंग.

जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानातल्या बाईंनी दोन कॅमेरे पुढे ठेवले. पहिला असा देखणा की हातातून खाली ठेववेना. पण या जातीच्या कॅमेऱ्यात लेन्समधून बघायचं नसतं. वर वेगळी खिडकी असते आणि फोटोत काय येणार ते तिच्यातली उजळ चौकट सांगते. पहिल्याच्या खिडकीत सगळं मोठं दिसे, त्यामुळे वाइड लेन्सची चौकट पार कडेला गेलेली. चष्मा लावला की चौकट दिसेना, काढला की दुकान दिसेना.

"चष्मा नसलेल्यांसाठी हा सोनं आहे," बाई म्हणाल्या.

"मी झोपताना पण चष्मा काढायचा विसरतो."

दुसरा साबणाच्या डबीचा सख्खा भाऊ शोभला असता. पण त्याच्या खिडकीत सगळं लहान दिसे आणि चष्म्यासकट चारही कोपरे मावत. कवळीवाले तीन दिवस येऊन दोन्ही कॅमेरे आलटून पालटून डोळ्याला लावत राहिले.

"काका, बायको बघायला तरी एवढा वेळ लावला होता का?"

"तेव्हा चौकटीत दोनच माणसं बसवायची होती."

शनिवारी त्यांनी मन मारून साबणाची डबी घेतली.

रविवारी सगळे आले. दोघे धाकटे पलंगाच्या दोन टोकांना, एकमेकांकडे न बघता उभे राहिले. मधली बहीण मधे. कवळीवाल्यांनी दारात स्टँड लावला, खिडकीतून चारही कोपरे तपासले. कुणाचा कानही कापला जात नव्हता. टायमर दाबून ते धावत जाऊन उभे राहिले. खटका वाजला. ताई खुदकन हसली. तासाभरात दोघे भाऊ दोन वेगळ्या गाड्यांनी गेले, मधली बहीणही गेली.

सामान आवरताना कवळीवाल्यांना दिसलं, लेन्सवर झाकण तसंच होतं. वरच्या खिडकीतून बघणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

"ताई, झाकण काढायचंच राहिलं गं."

"माहितेय. माझ्या समोरच तर होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"फोटो मिळाला असता तर पुन्हा कोण आलं असतं? उद्या सगळ्यांना फोन कर. म्हणावं, चूक माझी झाली, परत या." ताईने पांघरूण ओढून घेतलं. "आणि हो, पुढच्या वेळीही झाकण काढायची घाई करू नकोस."