सुताचा पट्टा

आमच्या कुत्रीला घरात नाव नव्हतं. आई तिला "ये गो" म्हणायची, शेजारच्या पोरींना म्हणायची तसंच, आणि ती यायची. पुढे तिला ऐकू येईनासं झालं तरी आई म्हणतच राहिली. मग जवळ जाऊन तिच्या पाठीला हलकेच पायाचा अंगठा लावायची, तेव्हा ती शेपूट हलवायची.

मी पाटीवर बाराखडी गिरवायला लागलो त्या वर्षी ती पिल्लू म्हणून आली होती. पालघरला नवीनच कॉलेज निघालं आणि मी तिथे जाऊ लागलो, तेव्हा तिच्या तोंडावरचे केस पांढरे झाले होते, मागचे पाय धड उचलत नव्हते. एके काळी वाळत घातलेल्या बोंबलांवर तिनं एक कावळा बसू दिला नव्हता. आता कावळे तिच्या अंगावरून चालत जातील की काय, अशी स्थिती होती.

घिवलीजवळच्या आमच्या वाडीत बहुतेक घरं मासेमारी करणाऱ्यांची. माझे वडील पाय अधू झाल्यापासून समुद्रावर जात नसत. ते ओटीवर बसून लोकांसाठी जाळी विणत. तुळईला जाळं टांगलेलं, हातात बांबूची सुई, आणि खाली पसरलेल्या जाळ्याच्या घडीवर ही झोपलेली. ती झोपली असेल तो भाग विणायची वेळ आली, की बाबा तिला उठवत नसत. दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करत.

मला मात्र त्या जाळ्याला हात लावायची बंदी होती. मी लहानपणी एकदा सुई उचलली, तर बाबांनी ती काढून घेतली होती. एकदा हात बसला की पोरगा तिथेच रमेल, पुस्तक सुटेल, अशी त्यांना भीती. त्यामुळे वाडीतल्या आठ वर्षांच्या पोराला येणारी गाठ मला येत नसे. शेजारची काकू येता-जाता विचारायची, "काय रे, कालेजात गाठ मारायला शिकवत नाय का?" मी हसून वेळ मारून नेत असे. पण मला ते लागायचं.

त्या दिवसांत अणुकेंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं. लांबलांबून मजूर आले होते. त्यांच्या झोपड्यांभोवती उरलंसुरलं खायला आसपासची कुत्री जमत. त्यातलं एक पिसाळलं. एका गवंड्याला आणि दोन शेळ्यांना चावलं. चार दिवसांनी वाडीत दवंडी फिरली आणि देवळाच्या भिंतीवर कागद लागला. तो वाचायला मलाच बोलावलं. मालकाची ओळख पटेल असा पट्टा ज्या कुत्र्याच्या गळ्यात नसेल, त्याला येत्या शुक्रवारी मारण्यात येईल, असं त्यात होतं. मी ते दोनदा वाचून दाखवलं.

काकू म्हणाली की तरणी कुत्री काय, माणसं दिसताच खाडीपलीकडे पळतील. सापडतील ती म्हातारी. ते खरं होतं. आमच्या घरांच्या ओळीत अशी सहा म्हातारी कुत्री होती, आणि आमची तर हाक मारली तरी उठत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज सुटल्यावर पालघरच्या चांभाराकडे गेलो. त्याच्यापुढे दुरुस्तीच्या चपलांचा ढीग होता. पट्टा पुढच्या आठवड्यात होईल, म्हणाला. पुढच्या आठवड्याचा मला उपयोग नव्हता. बाबा सूत आणायला सातपाटीला गेले होते, दोन दिवसांनी येणार होते. मी घरी आलो आणि त्यांच्या पेटीतून जाड सुताची लड काढली.

आता सांगताना संकोच वाटतो, पण त्या संध्याकाळी मी खूश होतो. तीन पदरांची वेणी घातली, तिच्या गळ्याभोवती घेतली. ती इतकी वाळली होती की पट्टा जरा सैल ठेवला तर डोक्यावरून निसटत होता. म्हणून घट्ट बसवला आणि वर चार-पाच गाठी मारल्या, जशा सुचल्या तशा. आई म्हणाली, "तुझ्या बाबाला येऊ दे." मी म्हटलं, त्यात काय एवढं. ती कुत्री माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. सकाळी मी कॉलेजला गेलो.

परत येताना बोईसरला एसटीत बाबा भेटले, काम एक दिवस आधीच आटोपून निघालेले, मांडीवर सुताचं गाठोडं घेऊन बसलेले. मी त्यांच्या शेजारी जागा धरली. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोललो आणि मग पट्ट्याचं सांगितलं. मला वाटलं होतं, ते हसतील. त्यांनी विचारलं, "सूत कुठलं घेतलंस?"

मी म्हटलं, पेटीतलं.

"भिजवून, ताणून घेतलंस का कोरडंच?"

कोरडंच, मी म्हटलं.

ते खिडकीबाहेर बघू लागले. मग हळूच म्हणाले, "दुपारची ती कुठं बसते?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. उन्हं तापली की ती रखडत किनाऱ्यावर जाऊन भरतीच्या ओल्या वाळूत बसायची. तिच्या दुखऱ्या कमरेला त्या पाण्यानं बरं वाटत असावं. लाटा तिच्या मानेपर्यंत येत. आणि कोरं सूत पाण्यात गेलं की आखडतं, हे वाडीतल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. मी एकटाच असा होतो, की ज्याला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं आणि ज्यानं ते कधी विचारलं नव्हतं.

आमच्या गाडीपुढे बांधकामाला खडी नेणारे ट्रक होते. रस्ता अरुंद, धुरळा उडालेला, ओलांडून जायला जागा नाही. मी उभा राहिलो, परत बसलो. फाट्यावर गाडी थांबली तसे बाबा गाठोडं माझ्या अंगावर टाकून उतरले आणि चालू लागले. त्या अधू पायानं ते तसे चालू शकतात, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

ओटीखाली आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तोंड सुजलेलं, जीभ बाहेर, श्वासाला घरघर. काकू मासे कापायचा कोयता घेऊन उभी होती, पण पट्टा कातडीत इतका रुतला होता की पातं घालायला जागा नव्हती. माझ्या गाठी भिजून दगड झाल्या होत्या. बाबा खाली बसले, कनवटीची छोटी सुरी काढली, पट्ट्याखाली करंगळीचं नख घातलं आणि नखाच्या वरून एकेक धागा कापत गेले. शेवटचा पदर तुटला तेव्हा तिनं एक लांब श्वास घेतला, मग खोकली, मग बराच वेळ नुसती धापा टाकत राहिली. गळ्याभोवती लाल वळ उठला होता.

मी पडवीच्या खांबाशी उभा होतो. बाबांनी सुरी पुसली.

"तुला गाठ मारता येत नाय ती माजी चूक हाय," ते म्हणाले. "तुजी नाय. बस इथं."

एवढंच. मग त्यांनी नवं गाठोडं सोडलं आणि सूत पाण्याच्या घंगाळात बुडवलं. भिजू द्यायचं, दोन खांबांमध्ये ताणून वाळवायचं, पुन्हा भिजवायचं, मग विणायला घ्यायचं. गळ्यात जे बांधायचं त्यात दोन बोटं गेली पाहिजेत. निसटण्याची भीती असेल तर घट्ट करायचं नाही, दुसरीकडून आधार घ्यायचा. त्यांनी कोळशानं जमिनीवर काढून दाखवलं: गळ्याभोवती एक वेढा, पुढच्या पायांमागून दुसरा, आणि दोन्हीला जोडणारी पाठीवरची चार बोटं रुंद वीण.

बातमी लगेच पसरली. संध्याकाळपर्यंत ओळीतले म्हातारे आमच्या ओटीवर आले, कुणी आपली सुई घेऊन, कुणी फक्त गंमत बघायला. त्यातले दोघे केव्हाच समुद्रावर जायचे थांबले होते. आमच्याकडे एक रीत होती. प्रत्येक घर जाळ्याची पहिली ओळ आपल्या पद्धतीच्या गाठीनं संपवायचं. कुणी दोनदा वळवून, कुणी उलटं घेऊन. वादळात जाळी वाहून दुसऱ्याच्या हाती लागली, तर हात फिरवून ती कुणाची ते कळायचं. बाबा म्हणाले, कागदात मालकाची ओळख मागितलीय ना, मग ओळख घालू. प्रत्येकानं आपल्या कुत्र्याच्या पट्ट्याला आपल्या घरची गाठ दिली. एक म्हातारा म्हणाला, जन्मात बायकोला एक दागिना घडवला नाय आन आता कुत्र्याला घडवतोय. त्याची बायको समोरच होती. ती म्हणाली की तिनं आजवर भुंकून बघितलं नाय, हीच चूक झाली.

आमच्या कुत्रीचा पट्टा बाबांनी मला विणायला लावला. तीन दिवस लागले. चारदा उसवला. शेवटची घरची गाठ त्यांनी मला दाखवली, मी मारली, ती काही नीट बसली नाही. मी विचारलं, पुन्हा उसवू का? ते म्हणाले, राहू दे.

शुक्रवारी सकाळी पंचायतीचा कारकून आला. बरोबर दोन माणसं, गोणपाट, काठ्या. कारकून वाईट माणूस नव्हता. त्यालाही हे काम नकोसं वाटत असावं, म्हणून तो कुणाच्या डोळ्यांकडे न बघता वहीत बघून बोलत होता. सहाही कुत्री पट्टे घालून ओटीसमोर बसवली होती. तो म्हणाला, हे पट्टे नाहीत, ही दोरी आहे. आणि यात मालकाचं नाव कुठे आहे?

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कॉलेजात मी वर्गात अजून एक प्रश्नही विचारला नव्हता. तरी कसंबसं म्हटलं, की कागदात चामड्याचा पट्टा म्हटलेलं नाही, नाव लिहा असंही म्हटलेलं नाही, ओळख पटावी एवढंच म्हटलंय. आणि ओळख यात आहे.

"ती कशी पटते, दाखव," कारकून म्हणाला.

ओळीच्या टोकाला एक म्हातारे तांडेल राहत, पूर्वी मोठ्या होडीचे प्रमुख असलेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना आणून बसवलं. कारकुनानं स्वतः पट्टे सोडून घेतले, खालीवर केले आणि एकेक त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोटं फिरवून सांगितलं, ही तिसऱ्या घरची. ही विहिरीकडची. ही माजी. पाच झाले. प्रत्येक वेळी कारकून मान वर करून मालकाकडे बघे आणि मालक मान हलवी.

सहावा पट्टा त्यांच्या हातात बराच वेळ राहिला. त्यांनी तो दोनदा फिरवला.

"ही कुनाचीच नाय," तांडेल म्हणाले.

कारकुनाचा माणूस काठी टेकून पुढे आला. आमची कुत्री उन्हात डोळे मिटून बसली होती. तिला यातलं काही ऐकू येत नव्हतं.

"साहेब, ती माझी आहे," मी म्हटलं. "गाठ मी मारलीय. मला येत नाही, म्हणून ती अशी झाली. पण ती माझी आहे."

तांडेलांनी पट्टा पुन्हा बोटांखाली घेतला. मग त्यांच्या सुरकुत्या हलल्या. "हां, वळन तुज्या बापाचंच हाय," ते म्हणाले. "हात कच्चा हाय. लिवा साहेब, ह्या घरची."

काकू पहिल्यांदा हसली, मग बाकीचे. कारकूनही हसला. त्यानं वहीत सहा ओळी लिहिल्या आणि मालकांच्या सह्या घेतल्या. पाच अंगठे उठले. वहीतल्या आमच्या ओळीसाठी त्यानं बाबांकडे शाईची डबी सरकवली, तर बाबांनी ती माझ्याकडे ढकलली. मी अंगठा न उठवता पूर्ण नाव लिहिलं, जरा वाकडं.

ते लोक घरांच्या पुढच्या ओळीकडे गेले. ऊन चढलं तशी तिला सावलीत जायचं होतं. तिनं पुढचे पाय टेकले, मागचे उठेनात. रोज आम्ही तिला पोटाखाली हात घालून उचलायचो आणि ती कण्हायची. मी पट्टा परत तिच्या अंगात घातला होता. सहज त्याची पाठीवरची वीण मुठीत धरली आणि वर घेतली. ती न कण्हता उभी राहिली. मी तशीच मूठ धरून चाललो, ती माझ्याबरोबर पावलं टाकत ओटीपर्यंत आली, तिथून पुढे विहिरीपर्यंत, आणि मग स्वतःच किनाऱ्याच्या दिशेनं वळली. बाबा सुई हातात धरून बघत होते.

"पोटाखालून आनखी एक पट्टी पायजे," ते म्हणाले. "रुंद. मागचा भार ती धरेल."

त्या दुपारी आम्ही दोघांनी ती विणायला घेतली, एका टोकाकडून ते आणि दुसऱ्या टोकाकडून मी. माझा भाग आखूडच झाला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या घरचे म्हातारे आपलं कुत्रं घेऊन आले आणि त्यालाही तसंच पाहिजे म्हणाले.